मला पाणी पाजणारा

मित्रांनो, मागच्या अंगणात भिंतीला टेकून एक चौकोनी जाळी उभी आहे आणि तिच्यावर एक वेल चढते आहे, ती तुम्ही पाहिली असेल. लपाछपी खेळताना तुमच्यातला कुणीतरी हमखास तिच्यामागे बसतो. ती जाळी म्हणजे मी. एका उंच, चौकोनी, जुन्या एसयूव्हीचा मी रेडिएटर. गाडी अजून धावते. मी धावत नाही.

आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. फाटकी छत्री सगळ्यांना क्षमा करते, मोडकी खुर्ची आशीर्वाद देते. मला ते जमेल असं वाटत नाही. जन्मभर मी दुसऱ्याला थंड करण्याचं काम केलं. माझा स्वतःचा राग मात्र अजून निवलेला नाही. ऐकून वाईट वाटलं तर मध्येच उठून जा. मी त्याचा राग धरणार नाही. एका वेळी एकाचाच राग धरावा असं माझं मत आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या चपट्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या पाकळ्या बसवल्या, वर आणि खाली पितळेच्या टाक्या ठेवल्या आणि डाख लावून सगळं सांधलं. शेवटी माझी तोंडं बंद करून, आत हवा भरून मला हौदात बुडवलं. कुठे सुईएवढं भोक असलं तरी बुडबुडा येतो. माझ्या अंगातून एकही आला नाही. मला बुडवणाऱ्या बाईने ओल्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "हा टिकणार." ते शब्द मी विसरलो नाही. डूख धरणाऱ्याला कौतुकही चांगलं लक्षात राहतं.

माझं काम सांगतो. गाडीचं इंजिन चालताना भयंकर तापतं. त्याच्या अंगातून एक द्रव फिरत असतो. तो उष्णता घेतो आणि रबरी नळीतून माझ्याकडे येतो. मी समोरच्या वाऱ्यात उभा असतो. माझ्या पाकळ्यांमधून वारा जातो, द्रव निवतो आणि परत इंजिनाकडे जातो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक दारवान बसलेला असतो. इंजिन नीट तापल्याशिवाय तो दार उघडत नाही. आणि माझ्या डोक्यावर एक झाकण असतं, ते आतला दाब धरून ठेवतं. झाकण पक्कं असेल तर राग आतल्या आत राहतो. हे मी गाडीबद्दल बोलतो आहे.

ती गाडी एका मोजणीदाराने विकत घेतली. जमिनी मोजणं हा त्याचा धंदा. मागच्या सीटवर तिपाई, दुर्बीण आणि रंगीत काठ्या घालून तो डोंगरमाथ्यावर जायचा. जिथे रस्ता संपे तिथून आमचं काम सुरू होई. मी किती चढ चढलो याची मोजदाद ठेवलेली नाही, पण एकाही चढावर मी उकळलो नाही.

मोजणीदाराने मला जीव लावला, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या पाकळ्यांत अडकलेले किडे तो मऊ ब्रशने झाडून काढी. दर वर्षी जुना द्रव काढून नवा भरी. हा द्रव हिरवागार, जरा बुळबुळीत असे. त्याचं खरं नाव कूलंट. तो गंज चढू देत नाही आणि सहजासहजी उकळत नाही. पण मोजणीदाराच्या तोंडात ते नाव कधी बसलं नाही. तो त्याला पाणीच म्हणे. "आज गाडीचं पाणी बदलायचंय," असं सकाळी जाहीर करी, आणि त्याची बायको आतून विचारी, की माणसांच्या पाण्याचं काय, हंडा रिकामा आहे. मोजणीदार हसत हसत हिरवा डबा घेऊन माझ्याकडे येई. मी तर कारखान्यातून थेट त्याच्याच हातात आलो होतो. पाणी हिरवंच असतं, अशी माझीही समजूत होती.

वर्षं गेली. मोजणीदाराचे गुडघे गेले. जिना उतरणं नको वाटू लागलं, तसा तो वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसू लागला. त्याची मुलगी दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना तळमजल्यावरच, म्हणून लग्नानंतर ती इथेच राहिली आणि जावई या घरात राहायला आला.

हा जावई प्रुफं तपासायचा. छापायच्या आधीचे कागद वाचायचे आणि चुका शोधायच्या. त्याच्या धंद्याचा एकच नियम होता: लिहिलं असेल ते वाचायचं, मनचं घालायचं नाही. बोलायला कमी, ऐकायला पक्का. मोजणीदार त्याला लाडाने 'कानामात्रा' म्हणे. सासऱ्याने गाडीची किल्ली जावयाच्या हातात दिली, तेव्हा मला वाटलं, चला, आता नवा मित्र मिळाला.

एका सकाळी बॉनेट उघडलं. वरच्या खिडकीतून काहीतरी सांगण्याचा आवाज आला, पण शेजारी कुणाची तरी मोटरसायकल गुरगुरत होती, मला शब्द कळले नाहीत. जावयाने मान डोलावली, आत गेला आणि बादली घेऊन आला. माझं झाकण काढलं आणि बादलीतलं माझ्यात ओतलं.

ते हिरवं नव्हतं. बुळबुळीत नव्हतं. ते नळाचं साधं पाणी होतं.

मित्रांनो, आपल्या भाषेत 'पाणी पाजणे' याचा एक अर्थ तहान भागवणे आणि दुसरा अर्थ हरवणे, धूळ चारणे. दोन्ही अर्थ एकाच वेळी कसे खरे होतात ते त्या दिवशी मला कळलं. त्यानंतर दर काही महिन्यांनी वरून तसाच अस्पष्ट आवाज येई आणि उघड्या बॉनेटआड बादली येत राहिली. नळाच्या पाण्यात क्षार असतात. पाणी तापलं की ते माझ्या नळ्यांच्या भिंतींना चिकटत. आधी पांढरी धूळ, मग खरपुडी, मग दगड. इंजिनाचं अंग आतून गंजू लागलं, तो तांबडा गाळही माझ्याकडेच येऊन बसे. दारवान थर्मोस्टॅटला गंजाने असं धरलं की त्याचं दार अर्धंच उघडू लागलं. आणि तो माणूस दर वेळी झाकण नीट लावून, वरून फडका फिरवून जाई. गळा कापून वर कपडे नीटनेटके करावेत तसं.

मी त्याच्यावर डूख धरला.

सूड घ्यायला वस्तूंकडे फारसं काही नसतं. पण वेळ असतो. माझ्या खालच्या टाकीच्या सांध्यात मी एक फट होऊ दिली. गळणारा थेंब खालच्या तापल्या पत्र्यावर पडे आणि तिथेच सुकून जाई. जमिनीवर डाग नाही, काही नाही. पाणी कमी होई आणि जावई बादली आणी. सासूबाई म्हणाल्या, या गाडीत कुठेतरी पाणी मुरतंय. जावई खाली वाकून, टॉर्च मारून पाहून म्हणाला, दिसत तर काही नाही. मी मनात म्हटलं, दिसेल. वेळ आली की दिसेल.

वेळ एका चढावर आली. गाडीत जावई, त्याची बायको आणि सासूबाई होत्या. दुपारचं ऊन, समोर मोठा चढ. मी सगळी ताकद सोडून दिली. काटा लाल रेषेकडे सरकला आणि जावयाने तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. माझ्या फटीतून वाफ शिट्टी मारत होती.

आता एकच गोष्ट हवी होती. उकळत्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, हे तुम्ही जन्मभर लक्षात ठेवा. आतलं उकळतं पाणी कारंज्यासारखं हातावर, तोंडावर उडतं. मी त्याचीच वाट पाहत होतो. लाव हात, मी म्हणत होतो. एकदाच लाव.

त्याने हात लावला नाही. डिकीतून कागदांचं भेंडोळं काढलं, सावलीतल्या दगडावर बसला, कानावरची पेन्सिल हातात घेतली आणि प्रुफं तपासू लागला. सासूबाई दोनदा म्हणाल्या, बघा तरी उघडून. तो म्हणाला, निवू दे आई, गरम आहे. मग पान उलटलं. माझा राग हळूहळू कोमट झाला, मग गार. इतका अपमान मला बादलीनेही वाटला नव्हता.

पण सूड वाया गेला नाही, त्याने फक्त वाट बदलली. गाडी दोरीने ओढत घरी आणली. ओळखीचा मेकॅनिक आला, त्याने माझ्या तोंडात बोट घालून खरपुडी काढली, बोटांवर चोळली आणि म्हणाला, नळाचं पाणी घातलंय, वर्षानुवर्षं. इंजिन वाचलं, वेळेवर थांबवलंत म्हणून. पण या वयाच्या गाडीवर किती खर्च करायचा, विकून टाका. तोपर्यंत फाटकाशी शेजारीपाजारी जमले होते. मोजणीदार गुडघे धरत धरत जिना उतरून आला होता. त्याने जावयाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो केलं.

"जावईबापू, तुम्ही दुसऱ्यांच्या चुका शोधता ना? मग गाडीला काय पाजतो आहोत, हे तुम्हाला वाचता आलं नाही?"

जावयाने तोंड उघडलं. फाटकाकडे पाहिलं. मग मिटलं. मोजणीदाराने हात पुढे केला, जावयाने किल्ली त्या हातावर ठेवली आणि आत निघून गेला. पाणउतारा म्हणतात तो हाच. माझ्यातलं पाणी उतरलं होतं, आता त्याचं उतरलं. मी फटीतून शेवटचे दोन थेंब सोडले आणि तृप्त झालो.

त्या दिवसापासून घरात सासरा-जावई बोलेनासे झाले. जेवताना मीठ हवं असलं तरी मुलीमार्फत मागत. शेवटी ती वैतागली. बॉनेटवर हात ठेवून तिने अंगणातच दोघांना ऐकवलं, की गाडी विकायची नाही, आपण घरीच दुरुस्त करायची. नवा रेडिएटर, नव्या नळ्या, नवा थर्मोस्टॅट, सगळं मी मागवलंय. काम संपेपर्यंत तुमचं बोलणं सुरू झालं तर ठीक, नाहीतर आम्ही वेगळं बिऱ्हाड करतो. खोली बघून ठेवली आहे. हे ऐकून खिडकीत उभ्या असलेल्या सासूबाई आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

माझ्या आनंदाला पारावार नव्हता. मी फुटलो तसं आता घरही फुटणार होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. मोजणीदार खुर्ची टाकून बसला, हातात गाडीचं जुनं पुस्तक. मुलगी आणि जावई बाह्या सरसावून उभे. आधी बॅटरीची तार काढली, खाली परात ठेवली आणि माझी तळाची तोटी उघडली. तांबडं, गढूळ पाणी निघालं. शेजारचं मांजर हुंगायला आलं तर मुलीने त्याला हाकललं. त्यात जुन्या कूलंटचा अंश उरलेला असतो, आणि त्याचा थेंबही जनावराच्या पोटात जाता कामा नये, ते मरतं. मग नळ्यांच्या पट्ट्या सैल केल्या. रबर माझ्या मानेला असं चिकटलं होतं की ओढून निघेना. मोजणीदार पुस्तकात बघत म्हणाला, त्यांना सांग, ओढू नका, पिळा. मुलगी नवऱ्याला म्हणाली, पिळा. जावई तिला म्हणाला, बाबांना सांग, पिळतोय.

"मी काय टपालखातं आहे का?" ती म्हणाली.

पंख्याचं कवच निघालं. थर्मोस्टॅटच्या घराचा एक बोल्ट मात्र हलेना. मुलीने जावयाला बाजूला केलं, गंज सोडवणारं तेल मारलं, थोडं थांबली, आणि पाना लावून आधी जरा घट्ट, मग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल, असा तो अलगद सोडवला. म्हणाली, अक्कलदाढेपेक्षा सोपा होता, हा निदान ओरडत नाही. मोजणीदाराला हसू आलं, जावयालाही आलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चेहरे पुन्हा गंभीर केले. शेवटी माझे बोल्ट सुटले आणि मला उचलून याच भिंतीला टेकवलं. मुलीने माझ्या नळीत दात साफ करायचा आकडा घालून पाहिला. "किटण," ती हळूच म्हणाली. "इतकं मी कुठल्याच तोंडात पाहिलं नाही." मोजणीदाराने जावयाकडे एक जळजळीत नजर टाकली. मला फार बरं वाटलं.

माझ्या जागी नवा रेडिएटर बसला. चकचकीत, कोवळा. दारवान बदलला, नळ्या बदलल्या, नव्या पट्ट्या आवळल्या. मोजणीदार आता खुर्चीवरून उठून बॉनेटवर वाकला होता. गुडघे विसरला होता, पुस्तक विसरला होता. जावयाचा हात पुढे आला की त्याच्या हातात न मागता पाना येत होता. शेवटची पट्टी आवळून झाली, आणि रुसवाही विसरून तो थेट जावयालाच म्हणाला, "हं. आता पाणी घाल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा 'तू'. 

कूलंटचा डबा, तयार मिसळलेला, तिथे पायाशीच ठेवलेला होता. जावयाने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुसले, नळावर गेला, बादली भरली आणि शांतपणे घेऊन आला. नव्या रेडिएटरच्या तोंडात नरसाळं ठेवलं आणि बादली उचलून तशीच हातात धरली.

मोजणीदार त्याच्या मनगटावर झडपच घालू लागला. "अरे, हे काय करतोस? पाणी नाही! पाणी घाल, पाणी!"

"कुठलं पाणी, बाबा?"

मोजणीदार बोट दाखवू लागला. बोट डब्याकडे गेलं, तोंडातून पुन्हा 'पाणी' असंच आलं, आणि तो मध्येच थांबला. त्याने बादलीकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. वरच्या त्या खिडकीकडे पाहिलं, जिथे बसून तो इतकी वर्षं खाली ओरडत आला होता, की गाडीचं पाणी बघ रे, पाणी कमी असेल, पाणी घाल. मोटरसायकलच्या आवाजात मला न कळलेले शब्द मला त्या क्षणी कळले.

खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. "कळलं का आता, कुठे पाणी मुरत होतं ते?" त्या म्हणाल्या.

जावयाने बादली खाली ठेवली. एक थेंब सांडला नाही. तो ओतणार नव्हताच. फाटकाशी लोक जमले असताना जे उत्तर त्याने गिळलं होतं, ते त्याने जपून ठेवलं होतं, दगडावर बसून ठेवला होता तसाच धीर धरून, आणि आज घरातल्या घरात, एक शब्द जास्त न बोलता, सासऱ्यासमोर आणून ठेवलं होतं. सूड ओळखायला सूड घेणाराच लागतो. मला फट पाडावी लागली, उकळावं लागलं, गाडी अडवावी लागली. त्याला एक बादली पुरली. मत्सराने माझ्या उरल्यासुरल्या पाकळ्या वाकल्या.

मोजणीदार डबा उचलायला वाकला, तर जावयाने आधी उचलून त्याच्या हातात दिला. मोजणीदाराने तो हिरवा द्रव ओतला, आणि जावयाने नरसाळं धरलं. मग झाकण न लावताच इंजिन सुरू करायचं होतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडावी म्हणून. मोजणीदाराने खिशातून किल्ली काढली. थोडा वेळ ती हातात तशीच ठेवली. मग जावयाच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "तूच सुरू कर. कानामात्रा तुलाच कळते."

इंजिन सुरू झालं. बुडबुडे येऊन गेले. काटा मध्यावर येऊन थांबला तो थांबलाच. मुलीने बघून ठेवलेल्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि रात्री मिठाची वाटी सासऱ्याने जावयाकडे थेट सरकवली, असं खिडकीतून ऐकू आलं.

त्यांचं मिटलं. माझं काय? ज्याच्यावर इतकी वर्षं डूख धरला, त्याने सांगितलं तेच केलं होतं. आणि ज्याला मी माझा मानत आलो, ज्याने मला ब्रशने झाडलं, जीव लावला, त्याने वरच्या खिडकीत बसून एका आळशी शब्दाने मला आतून दगड केलं. माझा राग पत्ता चुकलेल्या पत्रासारखा फिरत होता. आता त्याला पत्ता मिळाला आहे.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, की ज्याला जे हवं आहे त्याचं नाव नीट घ्या. घरात सगळ्यांना कळतं म्हणून अर्धवट शब्द वापरू नका. नव्याने घरात आलेल्या माणसाला तो कळत नाही, आणि तो बिचारा तुमचं ऐकतो. भोगतो मात्र कुणी तिसराच. हे शहाणपण मी शिकलो, पण त्याने माझा राग गेला असं समजू नका. माझी समजूत चुकीचीही असेल, पण काही राग न गेलेलेच बरे असतात. ते माणसाला सावध ठेवतात.

भंगारवाला मला न्यायला आला होता. मोजणीदाराने त्याला परत पाठवलं, मला इथेच ठेवलं आणि माझ्या पायाशी ही वेल लावली. रोज सकाळी तो काठी टेकत पाण्याचा मग घेऊन येतो. मुळाशी पाणी घालण्याआधी थांबतो, आजूबाजूला कुणी आहे का बघतो आणि मला म्हणतो, "पाणी आणलंय. म्हणजे पाणीच बरं का."

मग आधारासाठी तो नेमका माझ्या वरच्या कडेवर हात ठेवतो. तिथे माझी एक पाकळी बाहेर वळलेली आहे, धारदार. कितीदा तरी त्याच्या बोटाला ती लागली आहे. मुलगी म्हणते, बाबा, पक्कडीने वाकवून टाकू का ती? तो म्हणतो, राहू दे, ती तिथे आहे हे मला माहीत आहे.

माहीत असूनही उद्या सकाळी तो हात तिथेच ठेवेल. मी पाकळी वळवलेलीच ठेवली आहे.